घोरण्याची साक्ष

आपण घोरतों ही गोष्ट मनुष्यास नेहमीं दुसऱ्याच्या तोंडूनच कळते. आणि ऐकीव पुराव्यावर कोणासहि दोषी ठरवूं नये, असें आमचें मत आहे. आंबिवलीस राहून हें मत टिकविणें सोपेंहि होतें. रात्रभर येथून कसाऱ्याच्या मालगाड्या जातात. पत्नीनें सकाळीं तक्रार केली, कीं आम्ही आळ मालगाडीवर ढकलीत असूं. पण कॉलेजांतून परततांना, शहाड गेल्यावर डोळा लागून, आम्ही तिसऱ्यांदा टिटवाळ्यास उतरलों, तेव्हां मुलगी म्हणाली, "बाबा, गणपतीला इतक्यांदा कोणी जात नाहीं." तिनेंच आम्हांस डॉक्टरांकडे नेलें.

निद्रापरीक्षेसाठीं कल्याणच्या एका रुग्णालयांत एक रात्र काढावयाची होती. त्या दिवशीं डोक्यास तेल नको, दुपारची झोप नको, आणि दुपारनंतर चहा नको! ही शेवटची अट आम्हांस सर्वांत क्रूर वाटली. रात्रीं एका तरुणानें टाळूवर, डोळ्यांच्या कडांस, हनुवटीस व पायांस तारा चिकटविल्या. छाती व पोट यांभोंवतीं पट्टे, नाकाशीं नळी, बोटास चिमटा. सुई कोठेंच नाहीं, दुखणें मुळींच नाहीं. "अशानें झोप येणार कशी?" आम्हीं विचारलें. "सर, सगळे हेंच विचारतात, आणि सगळे झोपतात." लघुशंकेस जावयाचें झाल्यास हांक मारावी, सर्व तारा एका पेटींत येतात, ती तो सोडवून देई.

अंधारांतहि पाहणारा कॅमेरा आमच्याकडे रोखलेला होता. वर्गांत झोपणाऱ्यांवर आम्हीं आयुष्यभर नजर ठेवली, त्याची ही फेड असावी. डिकन्सच्या 'पिक्विक पेपर्स'मधला (१८३६-३७) तो लठ्ठ जो, उभ्या उभ्या झोपणारा, आठवला. त्याच्या जिवावर आम्हीं कित्येक वर्ग हंसविले आहेत. १९५६ सालीं अमेरिकन डॉक्टरांनीं त्या कादंबरीवरून स्थूलांच्या एका श्वसनविकारास नांव दिलें, हें ठाऊक असूनहि आमचें हंसणें थांबलें नव्हतें. मुंबईंत डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००४ सालीं ती प्रसिद्ध केली. तींत शेंकडा साडेसात जणांस झोपेंत श्वास अडणें व दिवसा पेंग येणें हीं दोन्ही आढळलीं. म्हणजे जो एकटा नव्हता. या विचारांत केव्हां डोळा लागला, कळलें नाहीं.

अहवाल आला. झोपेंत घशाची वाट मिटते, श्वास दहा सेकंद वा अधिक अडतो, मेंदू क्षणभर जागा होऊन वाट मोकळी करतो. झोपणाऱ्यास पत्ता नसतो. तासास तीसहून अधिक वेळां असें झालें तर विकार तीव्र. आमचा आंकडा चौतीस. उपाय म्हणून आतां नाकावर हवेचा मुखवटा चढवून झोपावयाचें.

घरीं येऊन आंकडा सांगितला. कित्येक वर्षें पत्नी आमच्या पाठीवर हात ठेवून झोपते. त्यास आम्ही प्रेम समजत आलों, आणि मित्रांत तसें बोललोंहि आहों.

"श्वास थांबला कीं मी हात दाबीत असें," ती म्हणाली. "मग तुम्ही कुशीवर वळत असां."

"आणि इतकीं वर्षें बोलली नाहींस?"

"बोललें होतें कीं. तुम्ही म्हणालांत, मालगाडी असेल."