मांडवीतली होडी आणि दादाची वही

आमच्या खानापूर तालुक्यात देगावच्या रानात उगवणारी म्हादई गोव्यात उतरून पणजीला पोचेपर्यंत मांडवी होते, हे मी वर्गात कितीदा तरी सांगितलं असेल. पण ते पाणी होडीच्या यंत्राला काय करतं, हे मला २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत ठाऊक नव्हतं. इतिहासाच्या मास्तराला ते ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं. वहिनीचा फोन आला म्हणून जाणं झालं.

"भावजी, तुम्ही एकदा येऊन यांना सांगा. माझं ऐकत नाहीत. बासष्टाव्या वर्षी मध्यरात्री पाण्यात उतरायचं हे वय आहे का? तेही दुसऱ्याच्या होडीसाठी!"

दादा म्हणजे माझा थोरला मामेभाऊ. शाळा बेळगावात झाली, त्यामुळे कानडी आपल्यासारखीच तोंडात. पुढे गोव्यात गेला आणि खाणीचा माल मांडवीतून मुरगावला नेणाऱ्या बार्जवर डिझेल मेकॅनिक म्हणून राहिला. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा बार्ज काठाला लागल्या आणि दादा घरी बसला. दीड-दोन वर्षांनी बंगळूरच्या एका साहेबांची सव्वीस फुटी मोटरबोट सांभाळायचं काम मिळालं. साहेब वर्षातून चार-पाच वेळा येतात. बाकीचे सगळे दिवस होडी आणि दादा.

बेळगावहून सकाळच्या कदंबने निघालो. घाटात धुकं नव्हतं, पण पावसाळ्याचा ओलावा अजून झाडांवर होता. पणजीला उतरून फेरीने बेतीला गेलो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, ही सोय मला गोव्यातली सर्वात सुसंस्कृत गोष्ट वाटते. दादा घरी नव्हता. वहिनीने चहा देऊन मला सरळ काठावरच्या यार्डात पिटाळलं. "बोला हं त्यांच्याशी," एवढं बजावून.

होडी पाण्याबाहेर गाड्यावर उभी होती आणि दादा तिच्या मागच्या अंगाला मांडी घालून बसला होता. मला बघून म्हणाला, "काय बघूलालास? ये, बॅटरी धर." हातात टॉर्च आली आणि मी बोलायला आलेलो ते तिथेच राहिलं.

या होडीचं इंजिन आत, मागच्या भिंतीला टेकून बसवलेलं असतं आणि पंखा फिरवणारा ॲल्युमिनियमचा पाय भिंतीच्या बाहेर पाण्यात लोंबतो. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोटींच्या प्रदर्शनात व्होल्व्हो पेंटा कंपनीने अशी रचना पहिल्यांदा बाजारात आणली, त्यामागची कल्पना जिम विन नावाच्या अमेरिकन इंजिनियरची. सोयीची गोष्ट आहे. उथळ पाणी आलं की पाय वर उचलता येतो. पण आउटबोर्ड मोटरसारखा तो पाण्याबाहेर पूर्ण येत नाही. कितीही उचला, त्याचं बूड आणि तो जिथे भिंतीला जोडलेला आहे ती जागा पाण्यातच. होडी बारा महिने पाण्यात ठेवली की त्या जागेला बारा महिने सुट्टी नाही.

आणि नेमकं त्याच जागी रबर असतं. आतून बाहेर जाणारा फिरता दांडा एका घड्याघड्यांच्या रबरी नळीतून जातो. पाय डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलला की नळी ताणते, आवळते. इंग्रजीत बेलोज. दादा भाता म्हणतो, आणि हार्मोनियमचा भाता डोळ्यासमोर आणलात तर तुम्हालाही दुसरा शब्द सुचणार नाही. फरक इतकाच, की हार्मोनियमचा भाता फाटला तर सूर जातो आणि हा फाटला तर होडी जाते.

दादाने काढून ठेवलेला जुना भाता माझ्या हातात दिला. बाहेरून धड वाटत होता. "घडी उघड," म्हणाला. उघडली तर आत पांढरे, टणक, सुईच्या टोकाचे बार्नॅकल चिकटलेले. मांडवीत उन्हाळ्यात पाणी जवळजवळ समुद्राइतकं खारं होतं आणि मग हे प्राणी जिथे जागा मिळेल तिथे घर करतात. घडीत एक बसला, पाय वर उचलला, घडी मिटली आणि त्याच्या धारेने रबर कापलं. चीर माझ्या नखाएवढी होती.

त्या चिरेतून जुलैच्या एका रात्री पाणी आत आलं. आधी दांड्याच्या बेअरिंगमध्ये, तिथून झिरपत होडीच्या तळात. तळात पाणी साचलं की आपोआप चालू होणारा पंप असतो, तो चालू झाला. पण वादळी पावसाने काठावरची वीज दोन दिवस गेलेली, बॅटरी चार्ज होत नव्हती. पंपाने तिला रात्रभर ओढलं आणि तो थांबला. दादा त्या रात्री सहज म्हणून बघायला गेला होता. सहज म्हणजे, बाहेर पाऊस कोसळत असताना रात्री दीड वाजता. मागची बाजू वीतभर खाली गेलेली दिसली. पहाट होईपर्यंत बालदीने पाणी काढलं, मग घरून दुसरी बॅटरी आणली, भरतीला ओढून यार्डात नेली. इंजिनचा स्टार्टर चार बोटांनी वाचला. दादाला मात्र आठ दिवस ताप होता.

इतर मालक जूनच्या आधी होड्या वर काढतात. या साहेबांनी यार्डाचं भाडं वाचवलं.

मला वाटत होतं, पावसाळ्यात नदी गोडी होते, तेव्हा खाऱ्या पाण्याचा त्रास तेवढा कमी. दादाने हसून एक करडा ठोकळा दाखवला. पायाचं ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात खाल्लं जाऊ नये म्हणून त्याच्या अंगावर जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त आधी झिजतं, ॲल्युमिनियम वाचतं. ठोकळा निम्मा झिजला की बदलायचा, आणि त्याला रंग चुकूनही लावायचा नाही, लावला की तो मेला. पण गोड्या पाण्यात जस्तावर एक कडक साय धरते. मग पावसाळा संपून पाणी पुन्हा खारं झालं तरी ठोकळा झिजत नाही, नुसता शोभेला राहतो आणि झिजतो तो पाय. म्हणजे आपल्या खानापूरचं पाणी बार्नॅकल मारतं हे खरं, पण जाताना जस्तालाही झोपवून जातं. दादा आता अशा पाण्यासाठी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे मागवतो.

इथे मला आमच्या स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राच्या सरांकडून ऐकलेली गोष्ट आठवली. इंग्रजांच्या आरमाराच्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे असत. ते पत्रे खाऱ्या पाण्यात झिजू नयेत म्हणून हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने १८२४ साली त्यांना लोखंड-जस्ताचे तुकडे जोडायला सांगितलं. तांबं झिजायचं थांबलं. पण तांबं झिजतं म्हणूनच तर त्यावर शेवाळ-शिंपले धरत नव्हते! जहाजं गोमट्यांनी माखली, वेग गेला, आणि काही वर्षांत ते तुकडे काढावे लागले. मी सांगत असताना दादा मान हलवत होता. होडीच्या तळाला लावलेला तांब्याचा लाल रंग त्याने पायाच्या जोडापासून चार बोटं अलीकडेच थांबवला होता. तांबं ॲल्युमिनियमच्या शेजारी आलं की ॲल्युमिनियम खातं, हे त्याला डेव्हीशिवाय माहीत होतं.

त्याची बाकीची कामं मोजत बसत नाही. पायातलं तेल तपासून बघायचं. दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी चाक दरवर्षी नवं. होडी उभी असताना पाय खाली ठेवायचा, म्हणजे भाता ताणलेला राहत नाही आणि पाय उचलणाऱ्या दट्ट्यांचे चकचकीत दांडे आत राहतात. बाहेर राहिले तर त्यांच्यावर बार्नॅकल बसून सील फाडतात. मग पायावर सगळीकडे घाण धरते ती धरते. ती ओहोटीला पाण्यात उतरून लाकडी पट्टीने खरवडायची. आणि होडी फिरून आली की जेट्टीच्या नळाला पाइप लावून इंजिनमधून गोडं पाणी सोडायचं. याबद्दल दादा म्हणाला, "उप्पु तिंदवनु नीरु कुडियलेबेकु." मीठ खाल्लेल्याने पाणी प्यायलाच हवं. कानडीत या म्हणीचा अर्थ करावं तसं भरावं असा आहे, पण इंजिनाला ती इतकी शब्दशः लागू पडलेली मी पहिल्यांदाच ऐकली.

दुपारी जेवताना खरा विषय निघाला. साहेबांच्या ऑफिसातून इंग्रजीत पत्र आलं होतं. तुमच्या देखरेखीखाली पाणी कसं शिरलं, याचा लेखी खुलासा द्या. यार्डाचा खर्च कोणी सोसायचा ते त्यानंतर ठरवू. शिवाय एक सूचना, की चिरेला सीलंट लावून दिवाळीला होडी पाण्यात सोडावी, भाता पुढच्या वर्षी बघू.

"भात्याला ठिगळ लावत नाहीत," दादा म्हणाला. "माझ्या हातून तरी नाही."

वहिनी माझ्याकडे बघत होती. आता बोला, असं.

मी दादाला विचारलं, तुझ्याकडे काही लिहिलेलं आहे का? त्याने माळ्यावरून एक लांबट वही काढली, किराणा दुकानात असते तशी. बार्जवरची सवय. प्रत्येक दिवसाची ओळ, मराठीत, मध्येच कानडी आकडे. कुठल्या तारखेला ठोकळा बदलला, तेल काढलं, रंग कसा होता. १४ एप्रिल २०२३ च्या ओळीत होतं: 'भाता तिसरं वर्ष. रबर कडक. साहेबांना फोन. पुढच्या सीझनला बघू म्हणाले.' मे महिन्याच्या शेवटी पुन्हा तेच, आणि पुढे: 'पावसाळ्यात वर काढू का विचारलं. नको म्हणाले.'

संध्याकाळपर्यंत मी त्या ओळींचं इंग्रजी करत बसलो. एम.ए. झाल्यापासून इतक्या काळजीने मी कुठल्या साधनाचं भाषांतर केलेलं नाही. खुलासा असा लिहिलाच नाही. तारखा आणि ओळी तेवढ्या लिहिल्या, खाली नवा भाता, बेअरिंग आणि क्लिपा यांची यादी. दादाने ती दोनदा वाचून घेतली, 'रबर कडक' याचं इंग्रजी बरोबर आहे ना हे विचारलं आणि सही केली.

पंधरा दिवसांनी भात्याचा संच आला. यार्डाच्या खर्चाबद्दल पुढे कोणी चकार शब्द काढला नाही, आणि चूक झाली असंही कोणी म्हणालं नाही. होडी दिवाळीनंतर पाण्यात उतरली. पुढच्या जूनमध्ये ती वर काढायची, हे मात्र साहेबांनी स्वतःहून कळवलं.

त्या रात्री दादाचा फोन आला, तेल स्वच्छ आहे सांगायला. मग वहिनीने फोन घेतला.

"भावजी, मी तुम्हाला काय सांगायला बोलावलं होतं, आठवतं का?"

मी म्हटलं, आठवतं.

"मग?"

मागून दादाचा आवाज येत होता, टॉर्च कुठे ठेवलीस म्हणून.