मोत्या आणि पहाटेचा उजेड

डोंगर-नद्यांची छायाचित्रे काढणे हा माझा धंदा. यंदा जोडीला मोत्या आलाय, तीन महिन्यांचे पिल्लू. शिवनेरीवर पहिले ऊन पडते ते टिपायला आम्ही पहाटेच कुकडीकाठी जातो. अंधुक उजेडात शटर दोन-दोन सेकंद उघडे ठेवावे लागते. तेवढ्यात स्वारी स्टँडच्या पायाला दात लावते आणि चित्र हलते! पण काळजी वेगळीच. मला हवा तो उजेड पहाटे नि तिन्हीसांजेला; जुन्नरच्या उसात दडणारा बिबट्याही त्याच वेळी हिंडतो, आणि कुत्रे त्याला सहज मिळणारी शिकार. म्हणून उजाडेपर्यंत मोत्याची साखळी माझ्या कमरेला. त्यापायी एखादे चित्र हुकते. हुकू दे. ऊन चढले की साखळी सोडतो. मग तो हुंगेल तिकडे मी, कॅमेरा खांद्यावर टाकून.