यंत्राची धाप

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेस चोपडा हे तालुक्याचे गाव वसले आहे. गाव कपाशीचे आणि केळीचे. आणि उन्हाळा असा की, जळगाव जिल्ह्याबाहेरच्या माणसास तो सांगून कळावयाचा नाही. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. दुपारी रस्ते ओस पडतात. केळीच्या बागांभोवती लावलेली शेवरीची झाडे तप्त वारा अंगावर घेत उभी असतात. जुन्या धाब्याच्या घरांत थोडा तरी गारवा टिकतो. पत्र्याच्या घरांत तोही नाही. बाहेर पाखराचाही शब्द ऐकू येत नाही, आणि घराघरांतून तेवढी कूलरची घरघर चालू असते. अलीकडे या घरघरीत एका नव्या स्वराची भर पडली आहे. तो स्वर असतो, खेळांसाठी बनविलेल्या लॅपटॉपच्या पंख्याचा.

असा लॅपटॉप घरात सहजासहजी येत नाही. कपाशीचे पैसे हाती आले की बापाने तो पुष्कळ विचार करून घेतलेला असतो, आणि तोही खेळासाठी नव्हे. थोरली बहीण अभियांत्रिकी शिकत असते. तिच्या रेखाचित्रांना बळकट यंत्र लागते. दुपारी ती उठली की धाकटा भाऊ त्यावर मोटारींच्या शर्यतीचा खेळ लावतो. पाच मिनिटे जातात न जातात तोच यंत्राच्या पोटातून सूं सूं असा आवाज निघू लागतो व पाहता पाहता तो खोलीभर पसरतो. पलीकडे पडलेल्या आजीचा डोळा लागलेला असतो. ती कूस बदलून म्हणते, “अरे बाळा, धाप लागली रे त्याला! घडीभर विसावा दे की.”

आजीचे हे बोल हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. शिकलेली माणसेही हा आवाज म्हणजे पंख्याचा दोष समजतात आणि पंखा बंद करण्याचा उपाय शोधू लागतात. धापा टाकणाऱ्या माणसाचे नाक दाबावे, तसाच हा उपाय होय. पंखा आवाज करतो, कारण आत कोठेतरी उष्णता साचत असते. त्या उष्णतेचा माग काढल्यावाचून आवाजाचा बंदोबस्त होत नाही.

संगणक वीज घेतो आणि पडद्यावर चित्रे दाखवितो हे खरे. परंतु त्या विजेचा हिशेब अखेर उष्णतेतच चुकता होतो. जड खेळ चालू असता अशा लॅपटॉपला शंभर-दीडशे वॅट वीज लागते. जुन्या पद्धतीचा शंभर वॅटचा दिवा पेटलेला असता त्यास बोट लावण्याची कोणाची छाती होत नसे! तेवढी, किंबहुना त्याहून अधिक उष्णता येथे बोटभर जाडीच्या पेटीत निर्माण होते, आणि तीही मुख्यतः नखाएवढ्या दोन-तीन तुकड्यांत. ती बाहेर गेली नाही, तर शंभर अंशांच्या जवळपास पोचताच यंत्र स्वतःच आपला वेग कमी करते. शर्यतीतील मोटार अडखळू लागते ती यामुळेच. दिवसेंदिवस असे चालले तर बॅटरीचे आयुष्यही घटते, आणि मग बहिणीच्या अभ्यासाचे साधन ऐन परीक्षेत हातचे जाते.

त्यातून चोपड्याचा उन्हाळा! पंख्यापाशी स्वतःची थंडी नसते. खोलीत असेल तीच हवा तो आत घेतो व बाहेर फेकतो. म्हणून यंत्राचे ऊन आणि खोलीचे ऊन यांत जेवढे अंतर, तेवढीच त्याची सोय. आतील भाग ९५ अंशांवर चालू देण्याजोगा आहे असे धरले, तर डिसेंबरातल्या संध्याकाळी, खोलीत २० अंश असता हे अंतर ७५ अंशांचे असते. मे महिन्याच्या दुपारी खोलीत ४३ अंश झाले की ते ५२ वर येते. उष्णता तेवढीच, परंतु तिला वाट देणारे अंतर जवळजवळ एक-तृतीयांशाने आटलेले. तेव्हा पंख्यास अधिक हवा ओढावी लागते, म्हणजे अधिक वेगाने फिरावे लागते. येथेच कानांवर संकट येते. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट वाहते. पण आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो, आणि कानास तो जवळजवळ तिप्पट भासतो. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू मोठी दिलासा देणारी आहे. वेग थोडासा उतरला, तरी आवाज पुष्कळच उतरतो.

या यंत्राच्या पोटात पाणी असते असे सांगितले, तर कित्येकांना ते खरे वाटणार नाही. तापलेल्या तुकड्यापासून पंख्यापर्यंत तांब्याची एक चपटी नळी गेलेली असते, आणि तिच्यात थोडेसे पाणी घालून ती कायमची बंद केलेली असते. आतील हवा आधीच काढून घेतल्यामुळे हे पाणी उकळण्यासाठी शंभर अंशांची वाट पाहत नाही. चाळीस-पन्नास अंशांवरही त्याची वाफ होते. ती वाफ उष्णता घेऊन नळीच्या दुसऱ्या टोकाकडे धावते, पंख्यापाशी निवते, आणि पुन्हा पाणी होऊन माघारी येते. समईची वात जसे तेल ओढते, तसे नळीच्या आतले सच्छिद्र अस्तर ते पाणी ओढून आणते. अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशा नळीचा यशस्वी प्रयोग केला. तत्त्व मात्र खानदेशातील प्रत्येक ओट्यावर ठेवलेले आहे. माठातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि जाता जाता ती माठाची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी उकळून त्याची वाफ होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता शोषली जाते. उष्णता वाहून नेण्याच्या कामी पाण्यासारखा हमाल मिळणे कठीण! याच तालुक्यात अडावदजवळ उनपदेव येथे भूमीच्या पोटातील ऊन झऱ्यावाटे वर येते, तेही पाण्याच्याच खांद्यावर बसून.

आता उपायांचा विचार. त्यांतील सर्वांत मोठा उपाय पंख्यापाशी नाहीच. तो खेळात आहे. पडद्यावर सेकंदास १४४ चित्रे उमटत असतील, तर खेळाच्या सेटिंगमध्ये ती ६० वर आणावीत. निम्म्याहून अधिक चित्रे काढण्याचे श्रम वाचतात, आणि शर्यतीची गोडी फारशी उणी होत नाही. उष्णता जन्मासच आली नाही, तर तिला हाकलण्यासाठी आवाज कशाला हवा? पुष्कळ मुलांना हे पटत नाही. यंत्राच्या अंगी बळ आहे ना, मग ते सगळे वापरलेच पाहिजे, असा त्यांचा हट्ट असतो. बैलजोडीच्या बाबतीत त्यांच्या आजोबांनी असा हट्ट कधी धरला नव्हता.

दुसरी गोष्ट वाटेची. लॅपटॉप गोधडीवर किंवा गादीवर ठेवला की खालच्या जाळीचे तोंड बुजते. तो पाटावर ठेवावा, आणि मागच्या कडेखाली लाकडाची पट्टी सरकवून ती दोन बोटे उचलावी. एवढ्यानेही फरक पडतो. कपाशीच्या गावात आणखी एक शत्रू असतो. वेचणीच्या दिवसांत हवेत तरंगणारे बारीक तंतू जाळीतून आत शिरतात, धुळीशी मिळून पातळ पट्ट्यांच्या फटींत नमद्यासारखे बसतात, आणि मग पंखा कितीही फिरला तरी हवा पुढे सरकत नाही. वर्षातून एक-दोनदा जाणत्या माणसाकडून यंत्र उघडवून तो थर काढून घ्यावा.

पंख्याकडे वळावयाचे ते सर्वांच्या शेवटी. कानास एकसारखा आवाज सोसतो. क्षणात चढणारा आणि क्षणात उतरणारा आवाज सोसत नाही. कूलरच्या घरघरीत आजीस झोप येते आणि लॅपटॉपच्या सुंकाराने ती मोडते, याचे एक कारण हेच असावे. अशा बहुतेक लॅपटॉपांत पंख्याचा वेग ठरविण्याची सोय असते. तो मध्यम ठेवून चढउतार मंद करावा. परंतु ओले फडके, बर्फाची पिशवी किंवा कूलरचा थेट झोत यांची संगत यंत्रास देऊ नये. गार झालेल्या धातूवर दव धरते, आणि ओलावा विजेचा वैरी होय.

मोठ्या यंत्रांनाही यातून सुटका नाही. पुण्यातील ‘आयसर’ या विज्ञानसंस्थेत २०१९ साली बसविलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकास हवा पुरत नाही. तेथे पाणी थेट तापणाऱ्या भागांच्या अंगालगत खेळवून त्यांची उष्णता काढून घेतात.

जूनमध्ये चोपड्यावर पाऊस उतरतो, तेव्हा एक गंमत पाहावयास मिळते. हवा ओलसर होते. बाहेर वाफ चटकन होत नाही, म्हणून माठ आळसावतो आणि त्यातले पाणी पूर्वीसारखे गार लागत नाही. तांब्याच्या नळीतील पाण्यास मात्र बाहेरच्या ओलाव्याची वार्ताही नसते. खोलीतील पारा तिशीकडे उतरलेला असतो, आणि तोच खेळ, तोच मुलगा, तीच दुपार असूनही पंखा इतका हळू फिरतो की, पागोळ्यांच्या आवाजात तो ऐकूही येत नाही.