चिंचेखालची रात्र

आमचे घर पाचगणीला आहे. सिल्व्हर ओकच्या उंच झाडांमधून जाणारा रस्ता आमच्या अंगणावरूनच पुढे टेबललँडकडे वळतो. पाचगणी हे शाळांचे गाव. माझ्या लहानपणी संध्याकाळच्या वेळी एखाद्या वसतिगृहातून पियानोचे सूर धुक्यावर तरंगत येत आणि आम्ही मुले खेळ थांबवून क्षणभर कान देत असू. परंतु आमच्या घरात गाणे म्हटले, की ते आजोबांचेच!

आजोबा काही गवई नव्हते. त्यांची सारी नोकरी मिरजेच्या रेल्वे कचेरीत झाली होती. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे राहावयास आले, तेव्हा त्यांच्या सामानात दोनच मोलाच्या वस्तू होत्या. एक जुना रेडिओ आणि दुसरा मिरजेचा तंबोरा. रोज पहाटे ते तंबोरा जुळवीत आणि डोळे मिटून नुसते ऐकत बसत. दरवर्षी मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस भरला, की त्यांचे पाऊल घरात ठरत नसे. त्या उरुसात रात्र रात्र गाणे चालते. तेवढ्यासाठी ते घाट उतरून जात आणि परत आले, की आठ दिवस त्याच आनंदात असत.

मी सातवीत असतानाची गोष्ट. त्या हिवाळ्यात आजोबांना दम्याने फार सतावले. "यंदा प्रवासाचे नाव काढू नका," असे डॉक्टरांनी बजावले. आजोबा काही बोलले नाहीत. पण त्या दिवशी तंबोरा खोळीतून बाहेर निघाला नाही.

उरूस जवळ आला, तेव्हा काकांनी मला मिरजेला नेण्याचे ठरविले. शेजारच्यांकडून एक छोटा टेपरेकॉर्डर मागून आणला. त्यात नवे सेल घातले, कोरी कॅसेट घातली. बेत असा, की मी रात्रीचे गाणे त्यात भरून आणावे आणि आजोबांना घरबसल्या ऐकवावे. आजोबांना ते कळले, तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. मला जवळ बोलावून ते म्हणाले, "बाळ, मध्यरात्री कोणी दरबारी कानडा गाईलच. त्यातला गांधार नीट ऐक. तो एका जागी उभा राहत नाही, झुलतो. तेवढा माझ्यासाठी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची एस. टी. पसरणीचा घाट उतरू लागली. खाली कृष्णेचे खोरे पसरले होते. वाई मागे पडली, सातारा आले आणि तेथून आम्ही मिरजेची आगगाडी धरली. काकांनी मला पुनःपुन्हा सांगितले होते, "टेपरेकॉर्डरला आता हात लावू नकोस. सेल जपून ठेव."

रहिमतपूर ओलांडल्यावर आमच्या डब्यात एक वृद्ध गृहस्थ चढला. त्याच्या हातात एकतारी होती. गाडीच्या खडखडाटात त्याने आपला सूर असा काही बेमालूम मिसळला, की चाकेच त्याच्यासाठी ताल धरीत आहेत, असे वाटावे. तो तुकोबांचा अभंग म्हणत होता. भांडणारी माणसे गप्प झाली. शेंगा सोलणाऱ्या बाईचे हात थांबले. मला राहवेना. काका डुलकी घेत होते. मी हळूच कळ दाबली आणि तो अभंग कॅसेटमध्ये भरून घेतला. म्हातारा पुढच्या डब्यात निघून गेला. पण माझा हात काही यंत्रावरून निघेना. मी तो अभंग उलटसुलट फिरवून किती वेळा ऐकला, याला गणती नाही. कराड गेले, किर्लोस्करवाडी गेली, तरी माझे ऐकणे चालूच होते.

मिरजेच्या फलाटावर उतरलो, तेव्हा काका थोडे थबकले. ते म्हणाले, "अरे, आज आपण ज्यांच्या स्मरणार्थ होणारे गाणे ऐकणार आहोत, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा अंत अशाच एका फलाटावर झाला." मग त्यांनी मला ती हकीकत सांगितली. खाँसाहेब मूळचे उत्तरेतील कैराना गावचे. त्यांच्या गायकीला किराणा घराणे म्हणतात, ते या गावावरूनच. पुढे ते मिरजेत स्थायिक झाले. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात ते मद्रासकडून पाँडिचेरीस निघाले असता वाटेत त्यांच्या छातीत कळा येऊ लागल्या. सिंगपेरुमाळकोइल नावाच्या लहानशा स्थानकावर ते उतरले. आपला काळ जवळ आला, हे त्यांनी ओळखले. त्यांनी तंबोरा जुळवून घेतला आणि दरबारी कानड्याच्या सुरांत ईश्वराची प्रार्थना केली. तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांचे शव मिरजेस आणून दर्ग्याच्या आवारात पुरण्यात आले.

आजोबांना दरबारीच का हवा होता, ते मला त्या फलाटावर उमगले.

दिवस मोकळा होता, म्हणून काकांनी मला तंतुवाद्ये करणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत नेले. हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारींना आणि भाल्यांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा त्यांतील फरीदसाहेब नावाच्या कुशल पुरुषाने सतारी आणि तंबोरे बनविण्यास आरंभ केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणलेले मोठमोठे भोपळे तेथे छताला टांगलेले होते. एक म्हातारा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावीत बसला होता. तारा ज्या घोडीवरून जातात, तिचा माथा तो कानशीने अगदी हलके घाशी, तार छेडी, कान देई आणि पुन्हा घाशी. मी विचारले, "चाचा, किती घासायचे, हे कशावर मोजता?" तो हसला आणि कानाला बोट लावून म्हणाला, "बेटा, याचे माप इथे असते." २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. ती बातमी वाचताना मला त्याचे ते बोट आठवले.

रात्री आम्ही दर्ग्यात गेलो. बाहेर उरुसाची गर्दी उसळली होती. मेवामिठाईची, बांगड्यांची, खेळण्यांची दुकाने दिव्यांनी झगमगत होती. पण आवारात आत जावे, तो एकदम निराळेच जग. एका चिंचेच्या झाडाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. खाँसाहेब स्वतः याच आवारात चिंचेखाली बसून गात. त्यांच्या मागे त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी आणि कित्येक नामवंत गायकांनी येथे आपली सेवा रुजू केली. येथे तिकीट नाही, मानाच्या खुर्च्या नाहीत. हमाल, व्यापारी, डॉक्टर, शेतकरी सारे एकाच सतरंजीवर. कोणी टिळा लावलेला, कोणी गोल टोपी घातलेला. थंडी मी म्हणत होती आणि सारे जण घोंगड्या पांघरून बसले होते. व्यवस्थापकांची परवानगी घेऊन काकांनी मला अगदी पुढे बसविले.

मध्यरात्रीच्या सुमारास एक वयस्क गायिका आसनावर बसल्या. तंबोरे जुळू लागले. आधी ते दोन वेगळे आवाज होते. हळूहळू ते जवळ आले आणि एका क्षणी असे एक झाले, की भोवतालची हवाच गुंजू लागली. मी कळ दाबली. गायिकेने षड्ज लावला. काका माझ्या कानात कुजबुजले, "दरबारी!"

माझा आनंद गगनात मावेना. मी कॅसेटकडे पाहिले आणि माझ्या काळजात चर्र झाले. कॅसेटची चाके मंद मंद फिरत होती. पाहता पाहता ती थांबली. सेल संपले होते! गाडीत मी ते सारे उधळून बसलो होतो.

माझे हातपाय गार पडले. मी उठू लागलो. बाहेर कुठे तरी सेल मिळतील, धावत जावे, असे मनात होते. काकांनी माझा हात धरला. ते रागावले नाहीत. इतकेच म्हणाले, "सेल शोधायला गेलास, तर गाणेही जाईल. बस खाली. आता तूच ऐक."

मी बसलो. डोळ्यांत पाणी होते. पण आता दुसरा उपायच नव्हता. आजोबांसाठी जे न्यायचे, ते माझ्या कानांनीच न्यायचे होते. मी यंत्र बाजूला ठेवले आणि इतका जिवाचा कान करून ऐकू लागलो, की त्यापूर्वी तसे मी कधीच ऐकले नव्हते.

पहाटे टेबललँडवर उभे राहिले, की कृष्णेचे खोरे धुक्याने भरलेले दिसते. मग हळूहळू कमळगडाचा माथा वर येतो, नंतर पांडवगड दिसू लागतो. एकेक शिखर आपल्या वेळेला, आपल्या जागी प्रकट होते. ते गाणे तसेच होते. गायिकेला कशाचीही घाई नव्हती. एकेक स्वर त्या धुक्यातून वर आणीत होत्या. आणि मग तो गांधार आला. तो उभा राहिला नाही. तो झुलला. मागच्या ओळीतील एका वृद्धाच्या तोंडून "अहाहा!" असा उद्गार निघाला. गायिकेने त्याच्याकडे पाहून मान लवविली आणि पुन्हा तोच गांधार, पण आणखी खोल, आणखी संथ असा घेतला. तो दुसरा गांधार त्या वृद्धाच्या "अहाहा"मुळे जन्मला होता. ऐकणाराही गाण्यात काही भर घालतो, हे मला तेव्हा प्रथम दिसले.

उजाडता उजाडता भैरवी झाली. चिंचेवर पाखरे किलबिलू लागली होती.

परतीच्या प्रवासात मी एक शब्दही बोललो नाही. मनातल्या मनात सारी रात्र उजळणी करीत होतो. न जाणो, काही सांडले तर!

घरी पोहोचताच मी आजोबांपुढे उभा राहिलो आणि गाडीतला माझा अपराध आधी सांगून टाकला. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "आहे तेवढे तर ऐकव." नवे सेल घालून कॅसेट लावली. प्रथम खडखडणाऱ्या गाडीतला अभंग आला. आजोबा मान डोलवू लागले. मग तंबोरे आले. आजोबांनी डोळे मिटले. गायिकेचा षड्ज लागला आणि थोड्याच वेळात तो भलताच बारीक होत होत चिमणीसारखा चिवचिवू लागला. सेल संपत आल्यामुळे भरताना चाके मंद झाली होती. म्हणून ऐकताना ते गाणे धावत सुटले होते! आजोबा खोखो हसले. हसता हसता त्यांना ढास लागली. कॅसेट गप्प झाली.

"बरे, पुढे?" आजोबांनी विचारले.

मी पुढचे सांगू लागलो. चिंचेखालची सतरंजी, जुळलेले तंबोरे, थंडी, तो "अहाहा", सारे सांगितले. आजोबा लहान मुलासारखे ऐकत होते. मध्येच त्यांनी मला थांबविले. "आणि गांधार? गांधार कसा होता?"

मला गाणे येत नव्हते. गांधाराचे वर्णन कोणत्या शब्दांनी करावे, हेही ठाऊक नव्हते. मी हात पुढे केला आणि पसरणीच्या घाटात झाडाला अडून धुके जसे हळूहळू झुलते, तसा तो झुलवून दाखविला. एकदा, आणि मग त्याहून संथ असा दुसऱ्यांदा.

आजोबा माझ्या हाताकडे एकटक पाहत राहिले. मग त्यांनी तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "हाच तो," ते म्हणाले, "बाळ, आणलास की रे! यंदाही माझा उरूस चुकला नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे तंबोरा खोळीतून बाहेर आला. त्या दिवशी आजोबांनी मला शेजारी बसविले आणि तारा छेडावयास शिकविले.

पुढच्या उरुसाला आजोबा नव्हते. तंबोरा मात्र आजही आमच्या घरी आहे.

त्यानंतर मी पुष्कळ प्रवास केला आणि गावोगावी गाणी ऐकली. आता खिशातल्या फोनमध्ये रात्रभराचे गाणे सहज साठविता येते, आणि सेल संपण्याची भीतीही फारशी उरलेली नाही. मीही कधी कधी साठवितो. ते काही वाईट नाही. पण तंबोरे जुळू लागले, की कोणी तरी घरी वाट पाहत आहे आणि गेल्याबरोबर मला विचारणार आहे, "गांधार कसा होता?" असे मला वाटते. मग मी फोन खिशात ठेवतो, सावरून बसतो आणि ऐकू लागतो.