मोकळी चाल

गेल्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर, केवड्याच्या धास्तीने सारा निफाड तालुका फवारणीत गुंतलेला असताना, माझ्या चुलत पुतण्याने संध्याकाळच्या वेळी द्राक्षबागेच्या टोकाशी छोटा ट्रॅक्टर वळवला, आणि औषधाच्या उग्र दर्पातूनही एक निराळा वास माझ्यापर्यंत पोहोचला. इंजिनाचा आवाज चढत होता, ब्लोअरचा पंखा मात्र मंदावत होता आणि चाके काळ्या मातीवर जेमतेम पुढे सरत होती. "काका, प्लेट गेली वाटतं," असे म्हणत तो खाली उतरला. जळालेल्या क्लच प्लेटचा वास ज्याने एकदा घेतला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही.

त्या वासासरशी मला दिसली ती आमच्या जुन्या घरामागची पत्र्याची पडवी, आणि तीत मधोमध सोडवून ठेवलेला ट्रॅक्टर. इंजिन आणि पुढची चाके भिंतीच्या बाजूला, गिअरबॉक्स आणि मागची मोठी चाके दाराच्या बाजूला, मध्ये हातभर अंतर. आणि त्या अंतराच्या दोन तीरांवर माझे वडील आणि त्यांचे धाकटे बंधू आप्पा, ज्यांचे वाटणीपत्र तहसील कचेरीत दाखल होऊन नुकतेच फेरफाराला लागले होते आणि ज्यांनी त्या उन्हाळ्यात एकमेकांशी बोलणे जवळजवळ सोडले होते. जमीन वाटली गेली, भांडी वाटली गेली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. १८ अश्वशक्तीचा तो एक ट्रॅक्टर तेवढा सामाईक राहिला, कारण त्याचे दोन भाग करणे मामलेदारालाही शक्य नव्हते. क्लच मात्र ते करायला लावतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध, फ्लायव्हीलला पाठ लावून तो बसलेला असतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर सारे यंत्रच कमरेतून सोडवावे लागते.

हे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक असते की प्लेट बदलणे त्यातले सर्वांत सोपे. इंजिन एका अंगावर कलंडू नये म्हणून पुढच्या अ‍ॅक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायच्या, दोन्ही अर्ध्यांखाली टेकू द्यायचे, डिझेलच्या नळ्या आणि वायरी खुणा करून सोडायच्या. रिव्हेटांची डोकी उघडी पडून त्यांनी फ्लायव्हीलवर चरे पाडले असतील तर ते लेथवर न्यायचे. तिन्ही फिंगरांची उंची पट्टीने मोजून एकसारखी करायची, कारण एक जरी बेअरिंगला आधी टेकले तरी क्लच सोडताना सारा ट्रॅक्टर थरथरतो. आणि मग सर्वांत नाजूक भाग: दोन अर्धे पुन्हा एकत्र आणणे. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचे दाते प्लेटच्या मधल्या खाचांत बरोबर बसले पाहिजेत. बसले नाहीत तर अखेरचे बोटभर अंतर बोल्ट आवळून खेचून घेण्याचा मोह होतो, आणि त्या मोहापायी कित्येकांची नवी प्लेट वाकली आहे, कित्येकांचे ओतीव आवरण तडकले आहे. कोणीतरी पुढून इंजिन हाताने केसभर फिरवायचे, कोणीतरी मागचा अर्धा अलगद ढकलायचा, आणि दोघांनी एकमेकांना सांगत राहायचे.

"दादा, जरासं फिरवा."

"फिरवतोय. तू ढकल, पण जोर लावू नको."

"थांबा. परत थोडं."

त्या उन्हाळ्यात त्या दोघांमध्ये झालेले दीर्घ संभाषण म्हणून मला एवढेच आठवते.

असा छोटा ट्रॅक्टर आमच्यासारख्यांच्या दारात आला तो दोन देशांच्या जमीन कायद्यांमुळे, असे माझे मत आहे, आणि ते येथे मांडल्यावाचून मला पुढे जाववत नाही. जपानमध्ये १९४६ च्या सुधारणेने जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांना मिळाल्या, आणि एका कुटुंबाकडे सामान्यतः ३ हेक्टरांच्या आसपासच जमीन राहील अशी मर्यादा पडली. तेवढ्याशा भातखाचरांत फिरू शकेल असे यंत्र तिथल्या कारखान्यांना घडवावे लागले. आपल्याकडे १९४८ चा मुंबई कूळकायदा झाला, १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारे कूळ मालक मानले गेले, आणि माझ्या आजोबांनी '३२ ग' खाली ठरलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरून '३२ म' चा दाखला घरी आणला, जो पत्र्याच्या पेटीत पंचांगाखाली जपून ठेवलेला असे. पुढे वाटण्या होऊन रानाच्या पट्ट्या अरुंद झाल्या, त्यांत द्राक्षांचे मांडव उभे राहिले, आणि दोन ओळींमधून जाईल एवढ्या अंगलटीचे यंत्र हवेसे झाले. बंगळूर येथे मित्सुबिशीच्या सहकार्याने १९६७ साली सुरू झालेल्या कारखान्याची छोटी यंत्रे पुढे आमच्या भागातल्या बागांत शिरली, ती अशी. मोठ्या ट्रॅक्टरांवर दुहेरी क्लच असतो, पेडल अर्धे दाबले की चाके थांबतात आणि अवजार चालू राहते. आमच्या छोट्यावर एकेरी, म्हणून ओळीच्या टोकाशी क्लच दाबला की ब्लोअरही थांबतो, आणि फवारा तुटू नये या हव्यासाने तरुण मुले अर्धा क्लच धरून वळण घेतात. प्लेट जळते ती तिथे.

परंतु माझा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. क्लचच्या पेडलला आरंभी थोडी मोकळी चाल लागते, २० ते ३० मिलिमीटर. तेवढ्या अंतरात पेडल काहीच काम करीत नाही, बेअरिंग फिंगरांना स्पर्श करीत नाही. प्लेट झिजत जाते तशी ही चाल वाढते असे पुष्कळांना वाटते. वास्तविक ती कमी होत जाते, आणि नाहीशी झाली की काही न दाबताही क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. उपाय साधा आहे. दांड्यावरचा लॉकनट सैल करून दांडा योग्य तेवढा फिरवायचा आणि नट पुन्हा आवळायचा. एका विक्रेत्याच्या कार्यशाळेत, जिचे नाव मी घेत नाही, आमचा ट्रॅक्टर केवळ एवढ्यासाठी नेला असता तेथील कारागिराने पेडलला हातही न लावता प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग यांचे अंदाजपत्रक वडिलांच्या हाती ठेवले. वडिलांनी ते घडी घालून खिशात ठेवले आणि ट्रॅक्टर परत आणला. आप्पांनी खाली निजून तो नट फिरवला, आणि पुढची दोन पिके तीच प्लेट चालली. शेतकऱ्याच्या अज्ञानावर दुकान चालवणे हा माझ्या लेखी गुन्हा आहे, आणि तो कोणत्याही फौजदारी कायद्यात बसत नाही याचे मला आजही दुःख वाटते.

आप्पा गेल्यानंतर तो ट्रॅक्टर काकूंनी चालवला. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे जे अधिवेशन भरले त्याला आमच्या गावातून गेलेल्या बायकांत त्या होत्या, आणि शरद जोशींच्या लक्ष्मीमुक्तीच्या हाकेनंतर, वाटणीत आलेल्या आपल्या हिश्श्यातला एक तुकडा आप्पांनी स्वखुशीने त्यांच्या नावे केला होता. त्यामुळे तलाठ्याच्या दप्तरात त्यांचे नाव आधीच होते. ट्रॅक्टरच्या आसनावर ते नाव लावायला गावाला मात्र अवकाश लागला. पारावरची माणसे थांबून पाहत. काकू कोणाकडे पाहत नसत. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी त्या वाकून तळहाताने पेडल दाबत, हाताला कठीणपणा लागेपर्यंत, आणि तेवढे अंतर दोन बोटांनी मोजत. त्यांनी हे माझ्या वडिलांकडून शिकून घेतले होते. दिराशी, तोही थोरला, उंच आवाजात बोलण्याची आमच्या घराण्यात रीत नव्हती. तरी पडवीत पुन्हा एकदा ट्रॅक्टर सोडवला गेला तेव्हा मागून ढकलणाऱ्या त्या होत्या आणि पुढून फिरवणारे वडील, आणि "भाऊजी, थांबा" हा त्यांचा आवाज मी ओसरीवरून स्पष्ट ऐकला होता.

त्या आता वयाने थकल्या आहेत, बाजेवर बसून असतात. त्या संध्याकाळी नातवाने सारी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी प्रथम विचारले, चालवताना पाय पेडलवर ठेवून बसतोस का. तो गप्प राहिला.

"उद्या पिंपळगावला जाशील तर नुसती प्लेट आणू नको, बेअरिंगही आण," त्या म्हणाल्या. "आणि खोलल्यावर इंजिनाच्या मागचं सील आधी बघ. ते गळत असलं तर नवी प्लेट महिनाभरात तेलानं भिजंल."

दुसऱ्या दिवशी आम्ही ट्रॅक्टर सोडवला. सील गळत होते. ते आणण्यासाठी पुतण्याला पिंपळगावची आणखी एक खेप करावी लागली, आणि त्याच्या जाण्यायेण्यात फवारणीचा एक दिवस गेला.