मेळघाटचा ळ

'मेळघाट' हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. तुमच्यापैकी बरेच जण 'मेलघाट' म्हणाले असतील. मीही तसेच म्हणत असे. माझे शिक्षण अकोल्याला उर्दू शाळेत झाले. अकोला या नावात ळ नाही, म्हणून तेथे माझे निभावून गेले. जवळच्या बाळापूरला मात्र आम्ही खुशाल 'बालापूर' म्हणायचो.

बी.एड. झाल्यावर मला अमरावतीला नोकरी लागली. तेथे वडाळी तलावावर दर रविवारी पहाटे काही माणसे पक्षी पाहायला जमत. मीही जाऊ लागलो. ऊन चढले की सगळे चहाला बसत आणि एक कापडी पिशवी उघडली जाई. पिशवीत रानावनाची पुस्तके असत. ज्याला हवे त्याने एक न्यावे. पण परत आणताना त्याविषयी सर्वांना काही सांगावे, असा नियम होता. 'चांगले आहे' एवढे म्हणून सुटका होत नसे. कोणते पान आवडले, कोठे कंटाळा आला, हे सांगावे लागे.

मी कित्येक महिने त्या पिशवीला हात लावला नाही. पक्षी पाहायला भाषा लागत नाही. पण चार माणसांत मराठी बोलायचे म्हणजे माझ्या अंगावर काटा येई.

त्या गटात एक निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना नाना म्हणत. (आपल्या घरी नाना म्हणजे आईचे वडील. त्यामुळे मला ते पहिल्या दिवसापासून घरचेच वाटले.) एका रविवारी त्यांनी मला सलीम अलींची गोष्ट सांगितली. 1908 साली लहानग्या सलीमने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत गेला. तेथील मिलर्ड साहेबांनी त्याला पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. पुढे 1941 मध्ये याच सलीम अलींनी भारतीय पक्ष्यांवर पुस्तक लिहिले. ते आजही पक्षी पाहणाऱ्यांच्या हातात असते.

"मिलर्डनं पुस्तक देलं अन् पोरानं नेलं. तुम्ही काहून लाजता मास्तर?" असे म्हणून नानांनी माझ्या हातात मारुती चितमपल्लींचे 'रानवाटा' ठेवले.

चितमपल्ली वनखात्यात अधिकारी होते. आपल्या मेळघाटातही त्यांनी काम केले. 2006 मध्ये सोलापूरला भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात ते वारले. त्यांची पुस्तके मी एकामागून एक वाचली. सुरुवातीला एका पानाला अर्धा तास लागे. त्यांच्या लेखनात 'काकागार' हा शब्द भेटला, तेव्हा मी अडलो. मग एस.टी. स्थानकावरची 'अमरावती आगार' ही पाटी आठवली. आगार म्हणजे घर, ठिकाण. काकागार म्हणजे कावळ्यांची वसाहत! काही शब्द तर आपल्याच घरचे निघाले. 'शिक्रा' आणि 'शाहीन' ही शिकारी पक्ष्यांची नावे मराठीत फारसीतून आली आहेत. चहाच्या वेळी मी हे सांगितले, तेव्हा नानांनी ते वहीत लिहून घेतले.

पुढे काचबिंदूमुळे नानांची नजर अधू झाली. ते मुलाकडे अकोल्याला राहायला गेले. एके दिवशी त्यांचा फोन आला. "पिशवीत नवीन काय आलं?" मी पुस्तकांची नावे सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मले आता वाचता येत नाही. तुम्ही वाचून मोबाइलवर पाठवा ना."

मित्रांनो, मी नाही म्हणणार होतो. त्या गटात शुद्ध मराठी वाचणारे पुष्कळ होते. पण नानांनी विचारले होते मला.

रात्री मुलगी झोपल्यावर मी रानपिंगळ्यावरचा एक लेख वाचायला बसलो. हे एक दुर्मीळ घुबड आहे. 1884 नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा मिळत नव्हता. ते नष्ट झाले, असे मानले जात होते. 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात ते पुन्हा दिसले, आणि पुढे आपल्या मेळघाटातही सापडले. विषय छान होता. पण ओळीओळीला ळ! घाम पुसत मी ध्वनिमुद्रण पाठवले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले, तेही आवाजातच. "मास्तर, तुम्ही अकरा वेळा 'मेलघाट' म्हटलं. मी मोजलं." मग त्यांनी युक्ती सांगितली. 'ड' म्हणताना जीभ जशी मागे वळते तशी वळवायची आणि 'ल' म्हणायचे. पुढे ते हसून म्हणाले, "आमच्या गावात कोणीच ळ म्हणत नाही. डोळ्याले डोया म्हणतात, शाळेले शाया. मीही ळ शायेतच शिकलो. मास्तरांची छडी खाऊन!"

मी ते ध्वनिमुद्रण पुन्हापुन्हा ऐकले. इतकी वर्षे मला वाटत होते, की हे अक्षर माझ्याच जिभेवर रुसले आहे.

आता दर बुधवारी मी एक प्रकरण वाचून पाठवतो. मध्येच कुकरची शिटी वाजते, कधी मुलगी 'अब्बू' म्हणून हाक मारते. नानांची तक्रार नसते. मागच्या महिन्यात मात्र त्यांनी एक प्रकरण पुन्हा मागवले. वाचताना बाहेरच्या कडुनिंबावर एक पिंगळा ओरडत होता. ते त्यालाच ऐकत राहिले आणि माझे वाचन ऐकायचे राहून गेले.

ईदला अकोल्याला जाईन, तेव्हा पिशवी सोबत नेणार आहे. नानांना पुस्तके हाताळायची आहेत. पिशवीत एका पुस्तकापुरती जागा शिल्लक आहे. तुमच्या पाहण्यात एखादे असेल तर सांगा, उर्दूतले असले तरी चालेल. पण कोणते पान आवडले, तेही सांगावे लागेल.