बाक कुठे ठेवायचा?

बडोद्याच्या मराठी माणसापुढे बागेचा विषय काढू नये. तो लगेच कमाटीबागेवर येतो. विश्वामित्रीकाठची शंभर एकरांहून मोठी ही सयाजीबाग 1879 सालची. सयाजीराव महाराज तेव्हा अज्ञान होते आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. पण बाग महाराजांची, हेच आमच्याकडे खरे. तिथे भांडायलासुद्धा भरपूर जागा आहे, म्हणून कुणी भांडत नाही. आज गावात बाग करायची म्हणजे चार इमारतींच्या मधला तुकडा मिळणार, आणि त्या तुकड्यावर चारशे माणसांची नजर असणार. तिथे कमाटीबाग कामाला येत नाही, असे मी म्हटले की घरचेच माझ्यावर तुटून पडतात.

मी जन्मभर एका स्थापत्यकाराच्या कचेरीत नकाशे काढले. आमच्या भागात जेमतेम पाच गुंठ्यांचा एक तुकडा बागेसाठी ठरला, तेव्हा शेजाऱ्यांनी नकाशा पाहायला मला बोलावले. तीन बाजूंना सातमजली इमारती, चौथीकडे रस्ता आणि रस्त्यावर भाजीच्या लाऱ्या. नकाशात सभोवार सहा फुटी भिंत, एकच फाटक, मधोमध कारंजे, भोवती हिरवळ. कारंज्याच्या जागी जुना कडुलिंब उभा होता, तो नकाशातून सरळ गाळलेला. भिंत सगळ्यांना पसंत होती. ‘नको ती माणसे’ आत येणार नाहीत, हे कारण.

मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो, तेव्हा मुद्दाम न्यूयॉर्कचे पेली पार्क पाहिले होते. चार गुंठ्यांहूनही कमी जागा, दोन्ही अंगांना उंच इमारतींच्या भिंती. 1967 साली ते खुले झाले. मागच्या भिंतीवरून वीस फूट पाणी कोसळते, त्या आवाजात रस्त्यावरच्या गाड्या ऐकू येत नाहीत. वर झाडांची बारीक पानांची सावली. आणि खुर्च्या सुट्या! येणारा माणूस खुर्ची वीतभर इकडेतिकडे सरकवतो आणि मगच बसतो. विल्यम व्हाइट नावाच्या गृहस्थांनी न्यूयॉर्कच्या अशा जागांवर कॅमेरे लावून माणसे कुठे बसतात ते पाहिले आणि 1980 साली त्याचे पुस्तक केले. निष्कर्ष ऐकून हसू येईल: जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. पण आपल्याकडचे किती नकाशे या कसोटीला उतरतील?

त्याच शहरात ब्रायंट पार्क आहे. रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती कुंपण आणि दाट झुडपे. आतले बाहेरून दिसत नसे, म्हणून साधी माणसे जाईनाशी झाली आणि 1970 च्या दशकात तिथे गर्दुल्ल्यांचे राज्य आले. व्हाइटनी सुचवले, झुडपे काढा, येण्याच्या वाटा वाढवा. तसे करून 1992 साली ते पुन्हा उघडले, सुट्या खुर्च्या मांडून. दुपारी आता तिथे खुर्ची शोधावी लागते. सुधारणेत पैसाही ओतला गेला, राखणदारही आले, हे खरे. नुसती झुडपे छाटून चमत्कार झाला नाही.

बैठकीत मी हे गुजरातीतून सांगितले. तरुण मंडळी म्हणाली, “काका, ते अमेरिकेत.” तेव्हा शेजारच्या बेन उठल्या. रात्री आठनंतर आत काय चालले आहे हे रस्त्यावरून दिसत नसेल, तर मी नातीला पाठवणार नाही, म्हणाल्या. आणि जाता जाता, “लीमडो तो रहेवा दो.” माझ्या वहिनींनी वेगळेच विचारले: मुतारीचे काय? पुरुष मंडळी खाली पाहू लागली. वहिनी सत्तरीच्या, गुडघे गेलेले, दर तासाला उठावे लागणाऱ्या. पाठ नसलेल्या बाकावर त्यांना बसता येत नाही, आणि नकाशातला एकही बाक पाठीचा नव्हता. त्यांच्यासाठी ती बाग बांधली जाणारच नव्हती.

मग आम्ही चौघे संध्याकाळी जागेवर जाऊन सावली मोजत बसलो. काम सोपे आहे, पण कुणी करत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. चारनंतर ऊन पश्चिमेकडून येते, म्हणजे झाडाची सावली पूर्वेला पडते. संध्याकाळचा बाक झाडाच्या पूर्वेला हवा, सकाळचा पश्चिमेला. बुंध्याभोवती फरशी घालायची नाही, मुळांना हवा आणि पाणी लागते. लिंबाखाली हिरवळ धरत नाही, तिथे मुरूम बरा. पोरांना खेळायला तोच मुरूम. कारंजे कशाला? दोन वर्षांत मोटर बंद पडते आणि टाकीत डास होतात.

भिंत आता गुडघ्याएवढी झाली आहे, वर जाळी. फाटके दोन, एक लाऱ्यांच्या बाजूला. भाजीवाल्या बायका दुपारी तिथे येऊन डबा खातात, हे काही घरांना अजून खुपते. लिंब शाबूत आहे, आणि त्याच्या पूर्वेला पाठीचे दोन बाक. मुतारीचा खर्च अजून मंजूर झालेला नाही, त्यामुळे वहिनी अर्ध्या तासात घरी परततात. पाटी मात्र वेळेवर रंगून आली: हिरवळीवर चालू नये. हिरवळ लावलेलीच नाही.